चकल्यांच्या डब्यातली केळी

आमच्या ह्यांना फुलपाखरांचा नाद लागला तो निवृत्तीनंतर. आयुष्यभर कारखान्यात यंत्रांशी झगडलेला माणूस अवधपुरीच्या घराच्या गच्चीवर कढीपत्त्याच्या कुंडीपुढे तासन्‌तास बसू लागला, तेव्हा मी म्हटलं, चला, याहून वाईट व्यसनं असतात. पण ह्यांचा जीव अडकला होता एकाच फुलपाखरात. पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान, उघडले की निळंशार, वर नारिंगी पट्टा. त्याच्यासाठी हे दर वर्षी पचमढीचे डोंगर पालथे घालायचे आणि हात हलवत परत यायचे. मी चिडवायची, "अहो, दिसलं असेल हो! तुम्हीच पान समजून सोडून दिलं असेल."

यंदा ह्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी डोंगर बंद केला. ह्यांच्या फुलपाखरूवाल्या ग्रुपची सहल मात्र ठरलेली होती. "तू जा," हे म्हणाले. मला जंगलात फक्त डास दिसतात, पण त्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवेना.

ते फुलपाखरू म्हणे फुलांवर येत नाही, सडक्या फळांवर येतं. म्हणून ह्यांनी केळी काळीठिक्कर होऊ दिली, गूळ घालून कुस्करली आणि मला न विचारता माझ्या चकल्यांच्या डब्यात भरली. "खडकावर सावलीत ठेव. आणि दिसलं की लगेच व्हिडिओ कॉल लाव. फोटो नको. मला ते हलताना बघायचंय."

बसमध्ये वास सुटला. वाटेतलं पहिलं गाव मंडीदीप, ते यायच्या आत मागून कुणीतरी म्हणालं, "आंटीजी, टिफिन में क्या लाई हो?" सगळे हसले. मी मनातल्या मनात ह्यांचा चांगला उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुप वर चढून गेला. माझे गुडघे दुखत होते, मी खाली ओढ्याकाठी थांबले. एका खडकावर केळी पसरली, हात धुतले, आणि घरी फोन करून "गोळ्या घेतल्या का" विचारलं. आवाज स्वच्छ येत होता.

फोन ठेवला आणि थोड्या वेळाने केळ्यावर एक पान येऊन पडलं. झटकून टाकावं म्हणून मी हात पुढे केला, तर ते पान चालायला लागलं. मग त्याने पंख उघडले. शाईच्या दौतीत असतो तसला निळा रंग. ते सावकाश केळं चाखत होतं, पंख उघडत होतं, मिटत होतं. फोन माझ्या मांडीवर होता.

मी तो उचलला नाही.

ते उडून जाईल ही भीती नव्हती. मी विसरलेही नव्हते. मला ते एकटीला बघायचं होतं, एवढंच. आयुष्यभर पहिला चहा, पहिली पोळी ह्यांच्यापुढे ठेवत आले. हे एक मला आधी, आणि फक्त मलाच, हवं होतं. लाज वाटते लिहिताना, पण त्या घटकाभरात मला ह्यांची जराही आठवण नको होती. मग ते उडालं आणि झाडीत गेलं. डबा रिकामा, फोन तसाच.

परतीच्या बसमध्ये मी काय सांगायचं ते घोकत होते. दिसलं म्हटलं तर कॉल का नाही केलास, हा प्रश्न येणार. रेंज नव्हती म्हणावं, तर तिथूनच गोळ्यांची चौकशी केलेली.

संध्याकाळी घरी पोचले. हे दारातच उभे होते, कालच्याच सदऱ्यात, दाढी वाढलेली. अंघोळीशिवाय चहाला हात न लावणारा हा माणूस.

"दिसलं?"

"नाही हो. काहीच आलं नाही."

"असू दे. केळी अजून मुरायला हवी होती, माझंच चुकलं," हे म्हणाले, आणि माझ्या हातातून डबा घेतला. मग हातातला फोन टेबलावर ठेवून त्यांनी खांद्यावर टॉवेल टाकला.

"आता अंघोळ करून घेतो. सकाळपासून राहिलीय. बाथरूममध्ये रेंज येत नाही ना."