घरच्यांची हरकत

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं? चहाचा कप ठेवून आत गेली असती, बस. पण तेवढंही मला पेललं नसतं. म्हणून तुम्हाला सांगतो.

सत्तरच्या दशकात मी कर्जतला विमा महामंडळात विकास अधिकारी होतो. नाव भारदस्त, काम एवढंच — एजंट नेमायचे, त्यांना शिकवायचं आणि त्यांनी उन्हातान्हात आणलेल्या पॉलिसींवर आपली कामगिरी मिरवायची. तेव्हा बायकांच्या नावावर एजन्सी पुष्कळ असत. धंदा नवरे करत, बायका नुसत्या सह्या करत आणि साहेब लोक त्या सह्यांच्या जोरावर महिलांच्या प्रगतीवर भाषणं ठोकत. मी मनात हसत असे. आपण त्यातले नाही, असं मला वाटे — चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला असं फार लवकर वाटतं.

शिवाय माझ्याकडे वत्सला होती. दहिवलीच्या भातशेतीवाल्या घरातली सून, अकरावी झालेली, नवरा खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर. ही मात्र खरोखरच स्वतः फिरायची. बांधाबांधाने गावं गाठायची, पार ठाकुरवाडीला रेल्वेच्या गँगमनांकडे जायची. माणूस मेल्यावरचं बोलायची वेळ आली की मी आकडेमोडीत शिरायचो. ती बायकोकडे बोट दाखवून घरधन्याला सरळ विचारायची, "तुमी नसलात तर हिनं कुनाच्या तोंडाकडं बगायचं?" — आणि तो सही करायचा. मला म्हणायची, "सायेब, तुमी लई पुस्तकातलं बोलता. लोकं झोपतात."

खालापूर भागासाठी माझ्यासारख्याच अधिकाऱ्याची जागा निघाली. वत्सलाने अर्ज केला. मीच सुचवलं होतं — हेही सांगायला हवं.

मोठ्या साहेबांनी मला तिच्या घरी जाऊन घरच्यांचं मत घ्यायला सांगितलं. पुरुष उमेदवाराच्या घरी असं कुणी जात नसे. मी गेलो. नवरा पाळीवर, वत्सला बाहेर. सासू एकटीच ओटीवर वाल सोलत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाऊ द्या की तिला. पोरांचं मी बगीन. मला जन्मात कुनी काय इचारलं नाय सायेब, तिला तरी इचारतायत."

मग मी अहवाल लिहायला बसलो. मधे काय घडलं? काहीच नाही. एवढंच की एक चित्र डोळ्यांपुढे आलं — बैठकीत वत्सला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलीय आणि सगळ्यांदेखत सांगतेय की सायेब पुस्तकातलं बोलतात. शिवाय तिच्या पॉलिसी माझ्या खात्यावर दिसणं बंद होणार होतं. हे दुसरं कारण मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो, कारण ते कमी लाजिरवाणं आहे. पहिलं खरं.

मी लिहिलं — 'उमेदवार कर्तबगार आहे. तथापि तिने एकटीने फिरती करण्यास घरच्यांची, विशेषतः सासूची, हरकत आहे.'

त्या 'तथापि'वर मी खूशही झालो असेन. सासूची हरकत! कोण तपासायला जाणार होतं? कुणाला खोटं वाटणार होतं?

जागा दुसऱ्याला गेली. साहेबांनी वत्सलाला कारण सांगून टाकलं. घरी जाऊन ती काय बोलली, मला ठाऊक नाही. आठवड्याने सासू चालत ऑफिसात आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"सायेब, मी कवा नाय म्हनलं? ती म्हनते, तोंडावर गोड बोललीस नि मागनं खोडा घातलास. माझ्या हातचं पानी घेत नाय ओ. तुमी होतात ना तिथं? चला, सांगा तिला."

आणि मी? मी म्हटलं, "आजी, वरच्या लोकांचा काही गैरसमज झाला असेल."

ती "बरं" म्हणाली आणि गेली.

वत्सला एजंटच राहिली. त्याच घरात तिने चूल वेगळी मांडली. मला पुढे महिला एजंटांच्या प्रशिक्षणाचं काम मिळालं — यावर मी काय बोलणार?

मी निवृत्त झालो तेव्हा समारंभात तिला बोलायला उभं केलं. भाषणाची सवय नव्हती, थोडक्यात आटोपलं. म्हणाली, "सायबांनी माज्यासाठी शब्द टाकलेला. आमच्या घरातूनच आडवं आलं, त्याला ते काय करनार?"

म्हातारी तेव्हा जिवंत होती. दहिवली तिथून चालत अर्ध्या तासावर. माईक माझ्यापासून दोन हातांवर.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.