आधी पैठणला

परवा नातू म्हणाला, "आजोबा, एक कमांड दिली आणि सगळ्या सर्व्हरवर नवा प्रोग्राम गेला." माझ्या कानात जुन्या मोडेमची किरकिर सुरू झाली.

नामांतराच्या मोर्चांचे दिवस होते. आमच्या कारखान्यातून एक छोटी स्क्रिप्ट फोनच्या तारेवरून दूरच्या गोदामांतल्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम पाठवायची. ते काम विलासचं. आधी फक्त पैठणला पाठवायचा, तिथं नीट चालला की मगच बाकीकडं, हा त्याचा नियम. त्या दुपारी तो नव्हता. मी घाईनं नवा प्रोग्राम सगळीकडं एकदम पाठवला, त्यात चूक निघाली आणि सगळ्या गोदामांतल्या कामगारांची हजेरी पुसली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरनं विलासलाच धरलं.

"साहेब, मी नव्हतोच. क्रांती चौकात होतो, मोर्चात."

"लई भारी! मग नोकरी पण तिथंच कर."

विलास माझ्याकडं वळला. "भाऊ, तुम्हाला ठाऊक हाय. बोला की."

मी मोडेमची वायर सारखी करत राहिलो.

तेव्हा वाटलं, आपण वाचलो. आता कळतं, त्याला निर्दोष ठरवणारी एकच गोष्ट त्यानं निधड्या छातीनं सांगितली, आणि तिच्यापायीच त्याची नोकरी गेली.

हजेरी मी पुसली होती.