भंगारवाला

माझी धाकटी जाऊ मेघा पत्ता टाकते, तेव्हा तिच्या हाताकडे बघवत नाही, इतका तो मोकळा असतो. आम्ही खेळतो त्या पत्त्यांच्या खेळात नवे पत्ते विकत घेत आपापला गठ्ठा वाढवायचा. मेघा सगळ्यात आधी एक ठरलेला पत्ता घेते, आम्ही त्याला भंगारवाला म्हणतो. त्याच्या जोरावर आपले कुचकामी पत्ते कायमचे बाद करता येतात. "गठ्ठा हलका झाला, वहिनी, की चांगला पत्ता सारखा हातात येतो," म्हणते आणि जिंकते.

हरल्याचं काही नाही. पण सासूबाईंचं बोलणंही ती असंच टाकून देते आणि संध्याकाळी त्यांच्याच शेजारी बसून चहा पिते, याने माझा जळफळाट होतो. माझ्या मनात माझ्या लग्नातल्या मानपानावरून त्यांनी ऐकवलेलंसुद्धा अजून ताजं आहे.

काल हट्टाने भंगारवाला मीच आधी घेतला.

"टाका ना आता," मेघा म्हणाली.

मी सगळे पत्ते छातीशी धरून बसले होते.