अध्यक्षांच्या वतीने हृदय

आमच्या नेरूळच्या सोसायटीचे अध्यक्ष दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा थांबत, आणि धाप लपवायला भिंतीच्या रंगाची पाहणी करत. डॉक्टरकडे जाणं त्यांना कमीपणाचं वाटे. उद्घाटनाला मात्र ते कुठेही जात. हे जाणून त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, सेक्रेटरींच्या मागे लागून जवळच्या आरोग्य केंद्रातल्या नव्या यंत्राचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते ठरवून घेतलं. पहिली तपासणी प्रमुख पाहुण्यांची, असंही कबूल करून घेतलं.

यंत्र म्हणजे एक स्टेथोस्कोप. तो उघड्या छातीवर टेकवला की हृदयाची झडप गळते का, हे एआय आवाजावरून ओळखणार आणि मोबाइलवर हिरवा किंवा लाल रंग दाखवणार.

भाषणं झाली. अध्यक्षांना शाल पांघरली, हातात नारळ दिला. तरुण डॉक्टरीण म्हणाली, शर्टाची बटणं काढावी लागतील. अध्यक्षांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने धोतर मागितलं. सत्काराची शाल फोटो होईपर्यंत उतरवत नाहीत, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सेक्रेटरी धावून आले. गैरहजर माणसांचे पुरस्कार त्यांच्या वतीने स्वीकारण्यात त्यांची हयात गेली होती. "साहेबांच्या वतीने मी," म्हणत त्यांनी स्वतःची बटणं सोडली. स्क्रीन हिरवी झाली. निवेदिकेने अध्यक्षांचं हृदय ठणठणीत असल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या आणि अध्यक्षांनी नमस्कार करून त्या स्वीकारल्या.

डॉक्टरीण हळूच म्हणाली, आत या, पाच मिनिटांत बघते. आत जायला अध्यक्ष तयार नव्हते, बाहेर समोसे होते.

पुढे वहिनींनी तपासणीचा विषय काढला की ते हिरव्या रंगाचा दाखला देत. "अहो, छाती सेक्रेटरी भाऊजींची होती," त्या म्हणत. आपल्यासमोर, जाहीर कार्यक्रमात झालेली गोष्ट खोटी कशी, हे अध्यक्षांना खरोखरच कळत नसे. चार महिन्यांनी ते जिन्यात, रंगाची पाहणी करतानाच, कोसळले. झडप पार निकामी झाली होती, असं हॉस्पिटलमधून कळलं.

सोसायटीच्या आवारातल्या शोकसभेत त्यांचा शाल पांघरलेला, यंत्राशेजारी काढलेला फोटो होता. सेक्रेटरींनी कुटुंबाच्या वतीने आभार मानले आणि वहिनींजवळ येऊन म्हणाले, साहेबांचं राहिलेलं काहीही काम असेल तर सांगा, मी आहे.

"नको, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मरायचं तेवढं त्यांनी स्वतः केलं."

सेक्रेटरींनी मान डोलावली. ते दोन जिने न थांबता चढून गेले.