दिवेआगरला न्यायचा कॅमेरा

डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसवलं आणि मला एकटीला परत आत बोलावलं. फुप्फुसातला तुकडा तपासायला पाठवलाय, रिपोर्टला वेळ लागेल, असं ते म्हणाले. पण स्कॅनमध्ये जे दिसत होतं ते त्यांना मुळीच आवडलेलं नव्हतं. "कुठे फिरून यायचं असेल तर आत्ताच या. पुढे त्यांना झेपेलच असं नाही. आणि रिपोर्ट येईपर्यंत त्यांच्याशी काही बोलू नका."

बाहेर आले तर बाबा शेजारच्या पेशंटला त्याचा एक्स-रे उलटा धरलाय हे समजावून सांगत होते.

"काय बोलला गो डाक्टर?"

"हवापालट करा म्हणाले."

बाबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हवा बदलायला एवढं दार लावून सांगावं लागतं व्हय?"

अशा रीतीने दिवेआगर ठरलं. आईने लगेच चकल्यांचं भाजणीचं पीठ काढलं आणि मी कपाटातून कॅमेरे काढले. मी राहनाळला एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, पण पगारातला बराचसा भाग रीळवाल्या जुन्या कॅमेऱ्यांवर घालवते. आईच्या मते हे लग्न न करण्याचंच एक लक्षण आहे. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी माझे रीळ असतात, कारण शेलार गावाजवळच्या आमच्या घरात पत्र्याखाली उन्हाळ्यात माणूसही खराब होतो, तिथे फिल्मची काय कथा.

मोबाइल असताना ही कटकट कशाला, हे मला सगळेच विचारतात. त्यांना मी काहीतरी उडवाउडवीचं सांगते. खरं कारण आमचे काका. ते अचानक गेले आणि त्यांचा एकही धड फोटो सापडेना. शेवटी एका लग्नात मोबाइलवर काढलेल्या घोळक्याच्या फोटोतून त्यांचं तोंड कापून घेतलं. स्टुडिओवाल्याने खांद्यावरचा कुणाचा तरी हात पुसला, मागे निळा पडदा टाकला आणि अंगात कोट-टाय चढवला. जन्मभर बनियनवर वावरलेला माणूस आता विमा विकायला आल्यासारखा बघतो. काकी त्या फोटोला हार घालते, पण त्याच्याशी बोलत मात्र नाही. मी स्वतः ऐकलंय तिला म्हणताना, हे कोण मला माहीत नाही.

बाबांचं असं होऊ द्यायचं नव्हतं. एक फोटो हवा होता, त्यांचा, त्यांच्याच चेहऱ्याचा, भरपूर मोठा करता येईल असा. हे मनात आलं की मला स्वतःचाच राग यायचा. माणूस अजून शेजारच्या खोलीत खोकतोय आणि ही बया फ्रेमचा आकार ठरवतेय. तरी मी ठरवत होतेच.

पलंगावर तीन कॅमेरे मांडले. एक बाबांचाच, आमचे कापडाचे लूम जोरात चालत होते तेव्हा घेतलेला, प्लॅस्टिकचा, बटण दाबलं की झालं. दुसरा मैत्रिणीकडून आणलेला पेटीसारखा, वरून खाली बघायचा. त्याची फिल्म रुंद, त्यामुळे फोटो भिंतभर केला तरी फुटत नाही, पण एका रिळात बारा फोटो आणि समोरच्याने पुतळ्यासारखं बसायला हवं. तिसरा माझा, लोखंडी, जड, दर फोटोनंतर हाताने चावी ओढून फिल्म पुढे सरकवायची.

बाबा दारात येऊन उभे राहिले. तीस वर्षं लूम चालवलेला माणूस, कुठलंही मशिन दिसलं की हात शिवशिवतात. आमचे लूम भंगारात गेले त्याला बरीच वर्षं झाली. शेड रिकामी आहे, शेजाऱ्यांचे लूम अजून खडखडतात आणि आमची भिंत त्यांच्यापायी थरथरते. बाबांनी पेटीवाला उचलला, फिरवून पाहिला.

"कंचा मोठा फोटो देतो?"

"हाच."

"किती मोठा?"

मी हात पसरून दाखवलं आणि लगेच खाली घेतले. त्यांनी तो जपून जागेवर ठेवला.

"ह्यो नको. ह्याच्यापुढं माणूस आखडून बसंल. तुजा तो जड हाय तोच घे. आन रीळ रंगीत घाल. काळ्यापांढऱ्यात माणूस आधीच गेल्यासारखा दिसतो."

त्यांनी हे हसत म्हटलं. मी फ्रिजकडे गेले आणि उगाचच बराच वेळ त्यात डोकं घालून उभी राहिले. मग दोन रंगीत रीळ घेतले, सावलीतही चालतील असे जरा तेज.

दिवेआगरला बाबा खुशीत होते. मला मात्र सगळं खुपत होतं. सुरूच्या बनातून किनाऱ्यावर जायला चार पावलं, पण ते मध्ये दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा झाडं बघायला थांबल्याचं नाटक केलं. आईने ते नाटक ओळखलं आणि स्वतःही झाडं बघायला लागली. आम्ही तिघं इतकी झाडं जन्मात बघितली नव्हती. ओल्या वाळूवर लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून बाबा लाटेला शिव्या देत होते, शहाळ्याचं पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळत होतं, आईवर पाणी उडवून ते पळायला गेले आणि खोकत खाली बसले, खोकता खोकता हसत होते. मी चावी ओढत राहिले, बटण दाबत राहिले. तो एक फोटो मिळाला हे मला दाबतानाच कळलं. आनंद झाला आणि भीतीही वाटली, एकदमच.

परत आलो तेव्हा रिळात थोडी फिल्म उरली होती. घरी दोन-चार फोटो काढून मग गुंडाळू म्हणून मी कॅमेरा तसाच टेबलावर ठेवला आणि कामावर गेले.

तो शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्याकडे लूम बंद असतात आणि बंद मशिन उघडून, हवा मारून आतली रुई काढायची असते. लूम गेले तरी बाबांचा शुक्रवार गेलेला नाही. छोटा कॉम्प्रेसर त्यांनी भंगारवाल्याला दिला नव्हता. दर शुक्रवारी पंखा, आईचा मिक्सर, शिलाई मशिन, सगळ्यांच्या पोटात हवा मारतात. मी घरी आले तर ते ओट्यावर उन्हात बसले होते. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडं होतं आणि वर्तमानपत्रावर माझा रीळ लांबच्या लांब पसरलेला. मलमलच्या फडक्याने ते फिल्म पुसत होते, हलक्या हाताने, तुटू नये म्हणून.

"वाळू शिरली व्हती गो बाय, कर्र कर्र वाजत व्हता. समदा साफ केला बघ."

मी किंचाळलेच. शेजारीपाजारी डोकावले इतकी. उजेड लागला की सगळं जळतं, एकही फोटो राहिला नाही, असं काय काय बोलले. त्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"समदे गेले?"

"सगळे!"

"समुद्राचेबी?"

"समुद्राचे नव्हतेच. तुमचे होते सगळे."

बोलून गेले आणि कळलं काय बोलले ते. बाबा फिल्मच्या लांबीकडे बघत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आतून आईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"एवढे माजेच काढलेस," ते हळूच म्हणाले. "आईचाबी न्हाय?"

त्यांनी फिल्मची नीट गुंडाळी केली, उठले, दाराच्या चौकटीला धरून जरा थांबले आणि आत गेले. मला वाटलं, रागावले. बऱ्याच वेळाने मी कॅमेऱ्याचं झाकण लावायला घेतलं तर ते बाहेर आले, आंघोळ केलेली, पांढरा सदरा, केस पाणी लावून बसवलेले. खुर्ची ओढून ओट्यावर मांडली आणि बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान ताठ.

"दुसरा रीळ हाय ना? घाल."

"बाबा, आत्ता नको."

"घाल गो. ऊन जायच्या आत."

फिल्मचं टोक दोनदा खाचेतून सुटलं. शेवटी बसलं. कॅमेऱ्यातून पाहिलं तर ते हसत नव्हते, मला धीर द्यायला थोडंसुद्धा नाही. मी बटण दाबलं.

"आला नीट?"

"आला."

"एकदम साफ?"

"हो बाबा."

"मंग आता सांग," ते म्हणाले. "डाक्टर तुला एकटीला काय बोलला?"

आई दारात येऊन उभी होती. मी कॅमेरा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं.