दोन दारांची लाल गाडी आणि ट्रॅक्टरचा हार

नव्या शतकाची पहिली काही वर्षं उलटली होती. कॉलेज रोडवर काचेच्या भिंतींचं एक शोरूम उघडलं होतं आणि त्या काचेआड एक लाल गाडी उभी असे. दोनच दारं, मागे पंखासारखी पट्टी, छताला काच, चाकांना चकचकीत रिंगा. मी तेव्हा एका दैनिकात जिल्ह्याच्या पानाचं काम पाहत होतो. वय अडतीस. घरी पत्नी, ती शाळेत गणित शिकवायची. आणि एक स्कूटर, ती नव्वदच्या दशकात घेतलेली होती आणि सुरू करण्यापूर्वी एका अंगावर कलती करावी लागे.

मला ती गाडी हवी होती. कारणांचा शोध घेतला असता याहून अधिक माहिती हाती आली नाही.

प्रश्न एवढाच होता की ती परवडते का. आमच्या डेस्कवर नियम होता की दोन स्वतंत्र सूत्रांनी दुजोरा दिल्याशिवाय काही छापायचं नाही. तोच नियम इथे लावायचं ठरवलं.

पहिलं सूत्र शोरूममधला विक्रेता. पंचविशीचा, टाय लावलेला, प्रत्येक वाक्यात दोनदा ‘सर’ म्हणणारा.

‘सर, परवडते म्हणजे काय सर? रोजच्या दोन मिसळींच्या पैशात गाडी येते.’

मी आठवड्यातून एकदा मिसळ खात असे. न खाल्लेल्या तेरा मिसळी वाचवायच्या कशा, असं मी विचारलं. त्याने मला थंड पाणी दिलं.

दुसरं सूत्र कर्ज देणारा माणूस. त्याने माझी पगाराची चिठ्ठी पाहिली, कॅल्क्युलेटरवर बोटं फिरवली आणि गाडी परवडते असं छापील कागदावर लिहून दिलं. दोन सूत्रांचा दुजोरा मिळाला होता. दोघं त्याच शोरूममध्ये एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसतात आणि दुपारी एकाच डब्यातून जेवतात, हे नंतर लक्षात आलं.

तिसरं मत न मागता मिळालं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झाले होते. जिन्यात भेटले की ते कुठल्याही विषयावर बोलत.

‘परवडतं का, हा प्रश्नच चुकीचा आहे,’ ते म्हणाले. ‘आयुष्यभर नोटा छापल्या, मला विचारा. खरा प्रश्न पार्किंगचा. दोन दारं म्हणजे दार लांब. लांब दार उघडायला जागा जास्त. मीटिंगमध्ये विषय घ्यावा लागेल.’

चौथं मत पत्नीचं. तिने सहामाहीच्या एका पेपराच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. बेरीज दोनदा तपासली. मग म्हणाली, ‘गाडी घेता येते.’

‘मग?’

‘मग गाडीत बसून कुठे जाता येत नाही. तेवढे उरत नाहीत.’

‘उभ्या गाडीत बसू.’

‘बसा. पण पेट्रोल महाग झाल्याची बातमी मला वाचून दाखवायची नाही. आणि हे बघा, मला विचारू नका. हवी असेल तर घ्या. घेतल्यावर तोंड पाडून बसायचं नाही, एवढंच.’

म्हणजे निर्णय माझ्यावर आला. त्याला मुदतही होती. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार लाल रंगातली एकच गाडी शिल्लक होती आणि पिंपळगावकडचे एक द्राक्षवाले ती दोनदा पाहून गेले होते. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो म्हटलं तर ती माझी, नाहीतर त्यांची. नंतर कधी, कुठल्या रंगाची, ते कंपनीलाच माहीत. तोवर रविवारी सकाळी तो शोरूमची तशीच एक गाडी घरी आणणार होता, चालवून बघायला.

शनिवारी संध्याकाळी पत्नीने आईला फोन केला. माझ्या सासरची फुलशेती होती, मखमलाबादच्या बाजूला. झेंडू आणि गुलाब. सासूबाई पहाटे स्वतः फुलबाजारात बसत. फोनवर त्यांना कमी ऐकू येई, म्हणून पत्नी मोठ्याने आणि थोडक्यात बोले. त्या दिवशी ती म्हणाली, ‘उद्या गाडी येणार आहे!’

वाक्यात ‘ट्रायलसाठी’ हा शब्द नव्हता. मथळ्यात जागा कमी पडली की उडतो तो शब्द नेहमी असाच असतो.

आमच्याकडे ‘गाडी येणार आहे’ याचा अर्थ एकच होतो.

रविवारी नऊ वाजता विक्रेता गाडी घेऊन फाटकात शिरला. त्याच्या मागोमाग एक पिकअप आत आली. पिकअपमधून सासूबाई उतरल्या. नवं लुगडं, हातात पूजेचं ताट, ताटात नारळ, हळदकुंकू, चार लिंबं आणि पेढ्यांचा एक किलोचा बॉक्स. पिकअपवाल्याने मागून एक हार उतरवला. तो उतरवायला दोन माणसं लागली.

सासूबाईंच्या माहेरी आणि सासरी मिळून तोवर घेतलेली मोठी वाहनं म्हणजे दोन ट्रॅक्टर. हाराचं माप त्यांना ठाऊक होतं ते तेवढंच. पिवळ्या-केशरी झेंडूचा, मध्ये गुलाबाचे गुच्छ, मनगटाएवढा जाड, आणि दोन्ही टोकांना जाड तारेचे आकडे. ट्रॅक्टरच्या जाळीत अडकवायला.

विक्रेत्याला काही कळायच्या आत गाडीच्या तोंडावर स्वस्तिक निघालं होतं.

‘मावशी, मावशी! ही डेमो गाडी आहे!’

‘डेमो म्हंजी रं?’

‘म्हणजे नुसती दाखवायची.’

‘मंग दाखीवली ना? बघितली आमी. लय झ्याक हाय.’ आणि त्यांनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली.

पत्नी वरून धावत खाली आली. ‘अगं आई, गाडी घेतली नाहीये अजून! ट्रायल आहे, ट्रायल!’

‘हार घातला की घेतली. आता कुठं परत जाती?’

‘मुलगी बघायला आले आणि तू तिच्या गळ्यात हार घालून मोकळी झालीस!’

‘मंग लावून टाका लगीन. पोरगी नाकीडोळी बरी हाय.’

नारळ फुटला. आवाजाने सेक्रेटरी गॅलरीत आले, खाली पाहिलं आणि शर्टाची बटणं लावत उतरले. त्यांनी दोन पेढे घेतले, माझा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं. मी खुलासा करू लागलो. ते म्हणाले, ‘असू द्या, असू द्या. पार्किंगचं बघू.’ त्यानंतर इमारतीतली आठ-दहा माणसं आली. प्रत्येकाला खुलासा करायचा प्रयत्न झाला. प्रत्येकाने तो विनय मानला आणि पेढा खाल्ला.

विक्रेता एव्हाना शांत झाला होता. हार पडलेली गाडी विकली जाते, हे त्यालाही कुठेतरी पटलं असावं. त्याने किल्ली माझ्या हातात दिली. ‘सर, एक राउंड मारून घ्या सर.’

सासूबाईंना यायचं होतं. दोन दारांच्या गाडीत मागे बसायचं तर पुढची सीट पुढे झुकवून फटीतून आत जावं लागतं. त्या आधी डोकं घालून पाहू लागल्या, मग पाय, मग पाठमोऱ्या. शेवटी आडव्या होऊन शिरल्या. त्यांच्यामागून पत्नी शिरली. आतून आवाज आला, ‘माझं गुडघं माझ्याच कानाला लागत्यात.’

विक्रेता माझ्या शेजारी बसला. गाडी चार लिंबांवरून पुढे गेली.

गंगापूर रोडने आम्ही धरणाच्या दिशेने निघालो. गाडी चांगली होती. हे नोंदवलं पाहिजे. पाय जरा टेकवला की पाठ सीटला चिकटे. स्टिअरिंग दोन बोटांनी फिरे. छताच्या काचेतून आभाळ दिसे, ते बघायला मात्र मागच्या दोघींना मान वळवता येत नव्हती. समोर हाराची झेंडूची फुलं वाऱ्याने फडफडत होती आणि त्यातली काही उडून काचेवर येत होती. एका मोटरसायकलवाल्याने शेजारी येऊन अंगठा दाखवला. मी त्याला अंगठा दाखवला. इतकी वर्षं या रस्त्यावरून जाताना मला कोणी अंगठा दाखवला नव्हता.

पहिल्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. मागून पत्नी म्हणाली, ‘आई, अंग चोरून बस.’

‘अजून किती चोरू? हाडं ठिवली तेवढीच हायत.’

दुसऱ्या गतिरोधकापाशी विक्रेत्याने सुचवलं की मागच्या मंडळींनी उतरून पलीकडे जावं. त्या उतरल्या नाहीत. उतरायला जेवढा वेळ लागला असता तेवढ्यात आम्ही परत घरी आलो असतो. मी गाडी तिरकी घेऊन, एकेक चाक करत, बैल ओढ्यातून काढावा तशी पार केली. असे घरी परत येईपर्यंत अकरा गतिरोधक लागले. मी मोजले.

फाटकात शिरून गाडी थांबवली. मी उतरलो, पुढे गेलो, आणि पाहिलं.

हाराचा एक आकडा सुटला होता. वाऱ्याने तो सगळा वेळ बॉनेटवर फिरत राहिला होता. लाल रंगावर एक पांढरी रेघ पडली होती. लांबी साधारण एक वीत. टोकाला किंचित वळण, मात्रेसारखं.

यानंतर काय झालं ते पत्नीने पुढे अनेकांना सांगितलं आणि तिचं निवेदन ढोबळमानाने अचूक आहे. मी गाडीसमोर उकिडवा बसलो. खिशातून रुमाल काढला. रेघेवर फुंकर घातली. पुसलं. पुन्हा फुंकर घातली. सेक्रेटरींनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला, तो हाताने बाजूला सारला. पत्नी म्हणते, डोळे भरले होते. यास दुजोरा मिळालेला नाही.

मागच्या सीटवरून सासूबाई अजून निघायच्याच होत्या. त्यांना काढायला पत्नीने एक हात आणि पिकअपवाल्याने दुसरा हात धरला. बाहेर आल्या, लुगडं नीट केलं, माझ्याजवळ आल्या.

‘काय झालं जावईबापू? काय सांडलं?’

‘ओरखडा पडला, आई.’

त्यांनी वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग विक्रेत्याला विचारलं, ‘ही गाडी कुणाची रं?’

‘शोरूमची, मावशी. पॉलिशने जाईल. काही टेन्शन नाही.’

‘म्हंजी यांची नाय?’

‘नाही.’

त्या हाराकडे गेल्या, दुसरा आकडा सोडवला आणि हाराचं एक टोक खांद्यावर घेतलं. ‘जावईबापू, मी पहाटे गुलाब घेऊन बसती. दुपारपतुर इकला नाय तर मान टाकतो. तसाच टाकून देती अन् घरी येऊन भाकर खाती. भाकर गोड लागती तवर धंदा परवडतो. दुसऱ्याच्या गाडीवर रेघ पडली अन् तुमच्या नरड्याखाली पेढा उतरंना. सोताची झाली तर तुमी जेवायचं कधी?’

सेक्रेटरी चघळायचे थांबले.

मग पत्नी म्हणाली, ‘आई, मागच्या महिन्यात नव्या पातेल्याला पोचा आला म्हणून दोन दिवस कोणाशी बोलत नव्हतीस तू.’

‘ते पातेलं येगळं,’ सासूबाई म्हणाल्या. ‘ते तांब्याचं हाय.’

विक्रेत्याने गाडी नेली. बॉनेटवर स्वस्तिक तसंच होतं. पुसायला त्याचं धाडस होईना आणि आम्हीही पुस म्हटलं नाही. हार पिकअपमध्ये गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सुटा होऊन वाट्या-वाट्यांनी विकला गेला. सासूबाईंच्या मते बरा भाव आला.

त्या रात्री मी नीट जेवलो नाही. पत्नीने ताटाकडे पाहिलं आणि भाजीचं भांडं उचलून आत नेलं.

सोमवारी पावणेपाचला डेस्कवरचा फोन वाजला.

‘सर, द्राक्षवाले समोर बसलेत सर. काय करायचं?’

‘नाही घेत,’ मी म्हणालो.

‘सर, कालच्या ओरखड्याचं मनात आणू नका. ती डेमो होती. तुमची गाडी एकदम कोरी येईल. एक रेघ नाही.’

‘म्हणूनच.’

पलीकडे द्राक्षवाल्यांना चहा सांगितल्याचं ऐकू आलं. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, ‘सर, मग सिल्व्हर बघता का? सिल्व्हरवर ओरखडा दिसत नाही सर.’

मी नाही म्हणून फोन ठेवला. पण लगेच नाही. सिल्व्हरचा विचार मी साधारण दोन मिनिटं केला, आणि तेवढा वेळ विक्रेत्याने फोन धरून ठेवला होता. घरी सांगताना हा तपशील मी गाळला.