टेबलाला बांधलेला फोन आणि रद्द झालेलं विमान

धानोऱ्यात बसस्टँडच्या अलीकडे माझं ऑनलाइन केंद्र आहे. एक संगणक, एक प्रिंटर, दोन बाकं आणि टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधलेला एक फोन. तो फोन माझा असला तरी माझा नाही. आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी माणसांकडे फोन नसतो, असला तर रेंज नसते, रेंज असली तर रिचार्ज संपलेला असतो. म्हणून जातीचा दाखला असो, पीकविमा असो की धानाची नोंदणी, मोबाइल नंबरच्या रकान्यात मी केंद्राचाच नंबर टाकते. ओटीपी आला की हाक मारते, ज्याचा असेल तो बाकावरून उठून येतो. इतकी वर्षं असंच चाललं आहे, आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. न वाचता अंगठा उठवणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. कुठलाही फॉर्म मी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवते आणि मगच सही घेते. शिवाय प्रत्येक कागदाची प्रिंट काढून ठेवायला लावते. लोक कंटाळतात, पण येतात माझ्याकडेच. माझे यजमान वनखात्याच्या बांबू डेपोतून निवृत्त झाले आहेत. ते दिवसभर केंद्रात चहा पीत बसतात आणि म्हणतात, हिच्या प्रिंटांच्या कागदासाठीच आम्ही डेपोत एवढा बांबू रचत होतो.

माझा धाकटा भाऊ पुण्याला कारखान्यात आहे. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याला मुलगी झाली आणि बारशाचं बोलावणं आलं. मी आत्या, म्हणजे नाव मी ठेवायचं. आम्हाला मूल नाही. ते दुःख मी उगाळत बसत नाही, पण त्या दिवशी केंद्राचं शटर दुपारीच ओढलं आणि घरी जाऊन रडले. आनंदानंच रडले.

नाव मी त्याच दिवशी ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडे आत्या नाव आधी फोडत नाही, ते पहिल्यांदा बाळाच्याच कानात जायला हवं. यजमानांनी चार दिवस पिच्छा पुरवला. वनखात्यातला माणूस तो, जंगलातली झाडं, वेली, फुलं सगळी एकेक करून विचारून झाली. मी हूं की चूं केलं नाही.

बसनं जायचं तर दिवस मोडतात, म्हणून भाऊ म्हणाला की विमानाचं तिकीट काढतो. मी त्याला म्हटलं, अख्ख्या तालुक्याची तिकिटं मी काढते, माझं तू काढणार होय? तिकीट मीच काढलं. सगळ्या पानांची प्रिंट काढली. तिकिटाच्या तळाशी प्रवाशांच्या हक्कांचा उल्लेख होता, म्हणून सरकारचे ते नियमही शोधून छापले आणि सगळं प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातलं. यजमानांनी कपाळाला हात लावला. तिकिटावर मोबाइल नंबरच्या रकान्यात मी कुठला नंबर टाकला होता, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

निघताना केंद्राचा फोन यजमानांच्या ताब्यात दिला. ओटीपी आला तर तेवढा ज्याचा त्याला सांगायचा, बाकी मेसेज उघडायचे नाहीत, आणि रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा फोन आला तर सरळ कापायचा, कारण त्या सगळ्या जाहिराती असतात. असं बजावून मी माझा स्वतःचा फोन पर्समध्ये टाकला आणि आदल्या दिवशी सकाळच्या बसनं निघाले. गडचिरोलीला बस बदलली, संध्याकाळी नागपूरला मावसबहिणीकडे पोहोचले. पिशवीत, प्रवास झेपत नाही म्हणून आईनं शिवून दिलेलं झबलं-टोपडं होतं आणि घुगऱ्यांसाठी घरचे हरभरे.

दुसऱ्या दिवशी साडेअकराचं विमान होतं. मी साडेआठलाच हजर. दारावरच्या जवानानं तिकीट आणि आधार पाहून आत सोडलं. आत गार हवा, चकचकीत फरशी, आणि समोरच्या बोर्डावर माझ्या विमानापुढे लाल अक्षरांत 'रद्द'. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेच होतं.

काउंटरवरच्या मुलीनं फार गोड आवाजात सांगितलं की कंपनीनं कालच मेसेज केला होता आणि फोनही केला होता. एक तर पैसे परत घ्या, नाही तर उद्याच्या विमानानं जा. मी माझा फोन तिच्यापुढे धरला. त्यात काहीच नव्हतं. तिनं संगणकात पाहून नंबर वाचून दाखवला, आणि तो ऐकताना माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो टेबलाला बांधलेल्या फोनचा नंबर होता.

मी यजमानांना फोन लावला. मेसेज आला का, असं विचारल्यावर ते म्हणाले,

"आला असन. एका बाईचा फोन बी आला होता. मशीनमधून बोलून राह्यली होती. तूच म्हनली होती न, जाहिरात हाय, काप. म्या कापला."

आता त्यांच्यावर ओरडणार कशी? शब्दन् शब्द माझाच होता. दुनियेला वाचा, वाचा म्हणून खेकसणारी मी, आणि स्वतःच्या तिकिटावर स्वतःचा नंबर टाकायला विसरले. मला स्वतःचा इतका राग आला की खुर्चीवर बसून पाण्याची अर्धी बाटली संपवली.

तेवढ्यात भावाचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं. बारसं संध्याकाळी सहाला होतं, हॉल घेतलेला, माणसं बोलावलेली. तो घाबरत घाबरत म्हणाला, "बाई, नाई जमलं तर नाव मले फोनवर सांग. हिची मामेबहीण ठेवन तुह्या वतीनं."

त्यानं वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. पण मला ते झोंबलं. मी एवढंच म्हणाले, "नाव माह्या तोंडातूनच निंगन. मी येऊन राह्यली," आणि फोन ठेवला. कशी येणार, ते मला माहीत नव्हतं.

मग मी जे रोज करते तेच केलं. फाइल उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. चौथ्या पानावर सापडलं. विमान रद्द होणार असल्याचं चोवीस तासांपेक्षा कमी वेळ आधी कळवलं, तर प्रवाशाला दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, यांतलं काय हवं ते द्यायचं, आणि त्यावर भरपाईही. दुसऱ्या विमानासाठी थांबावं लागलं तर खाण्यापिण्याची सोय कंपनीची. मी पुन्हा यजमानांना फोन लावला आणि तो मेसेज किती वाजता आला ते बघायला सांगितलं. माझे यजमान फोनमधलं काहीही कधी पुसत नाहीत, त्यांना पुसताच येत नाही. त्यांनी वाचून दाखवलं, काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. मी बोटांवर मोजलं. चोवीस तास भरत नव्हते.

काउंटरवर गेले आणि माझ्या केंद्रातल्या आवाजात तो परिच्छेद वाचायला सुरुवात केली. हा आवाज बाकाच्या शेवटच्या माणसापर्यंत जावा म्हणून कमावलेला आहे, विमानतळाचा हॉल त्याला काय मोठा. त्या मुलीनं आपल्या साहेबाला बोलावलं. साहेब आला, त्यालाही पहिल्यापासून वाचून दाखवलं. तो म्हणाला, नंबर तुम्हीच दिला होता. मी म्हटलं, दिला होता, आणि तो फोन माणसानं उचललाही होता, ती चूक आमच्या घरची. पण तुमचा मेसेज उशिरा निघाला, ती तुमची. भरपाईचा अर्ज मी घरी जाऊन सावकाश भरीन, अर्ज भरणं हा माझा धंदाच आहे. आत्ता मला आजचं विमान हवं आहे, कुठल्याही कंपनीचं चालेल.

 खरं सांगायचं तर उगाच मोठ्या माणसांशी वाद घालतेय, असं वाटत होतं. पण संध्याकाळी पाळण्यापाशी दुसरीच कुणी वाकलेली डोळ्यांसमोर आली की आवाज आपोआप चढायचा.

साहेब आत गेला. पाऊण तास बाहेर आला नाही. या पाऊण तासात एक गंमत झाली. त्याच विमानाचे एक म्हातारे काका-काकू माझ्याजवळ आले आणि ते पान बघायला मिळेल का म्हणाले. त्यांच्यामागून आणखी दोघं आले. दहा मिनिटांत माझ्या खुर्चीपुढे रांग. मी एकेकाचं तिकीट बघत होते, मेसेजची वेळ विचारत होते, कुणाला पैसे परत हवेत आणि कुणाला उद्याचं विमान चालेल ते कागदाच्या पाठीवर लिहून घेत होते. एकानं घाईत 'परत' लिहा म्हटलं, तर मी त्याच्यावर खेकसले, आधी नीट वाचा म्हणून. धानोऱ्याचं केंद्र नागपूरच्या विमानतळावर उघडलं होतं, फक्त सुतळी नव्हती. मला एकदम घरी असल्यासारखं वाटायला लागलं.

साहेब बाहेर आला तो हातात कागद घेऊनच. दुसऱ्या कंपनीच्या तीनच्या विमानात एक जागा मिळाली होती. जेवणाचं कूपनही दिलं. मी त्याचे आभार मानले, रांगेतल्या कुणाला काय हवं त्याची यादी त्याच्या हाती दिली आणि माझा कागद त्याच्यासमोरच शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तो हसला. मीही हसले. मग बाजूच्या दुकानातून त्याची झेरॉक्स काढायला गेले, तर तिथं झेरॉक्सच नव्हतं. एवढं मोठं विमानतळ आणि झेरॉक्स नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

विमानाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. खिडकी मिळाली होती, पण मी सगळा वेळ डोळे मिटून मनात ते नाव म्हणत होते, विसरायला नको म्हणून.

हॉलवर पोहोचले तेव्हा पावणेसहा झाले होते. भाऊ दारातच उभा होता. माझी पिशवी घेता घेता तो म्हणाला, "मामेबहिनीले म्या नाई म्हनून सांगतलं होतं, बाई. रात्र झाली असती तरी थांबलो असतो." मी त्याला रागावले, की हे आधी फोनवर सांगायला काय झालं होतं. बोलताना मला रडू येत होतं.

घुगऱ्या वहिनीच्या आईनं आधीच शिजवल्या होत्या, माझे हरभरे तसेच राहिले. झबलं मात्र अंगात बरोबर बसलं. मी पाळण्यापाशी वाकले, त्या इवल्याशा कानाशी तोंड नेलं आणि कुर्रर्र करून नाव सांगितलं. त्याबरोबर रिवाजाप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले. वहिनीच्या मामेबहिणीचा बुक्का सगळ्यांत जोरात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावानं जन्मदाखल्यात नाव घालायचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. घरातले अर्ज भरणारी मीच. मोबाइल नंबरच्या रकान्यात पहिले चार आकडे लिहून झाले आणि भाऊ ओरडला. पाहते तर केंद्राचा नंबर. ते खोडलं, वर वहिनीचा नंबर लिहिला आणि दोनदा ताडून पाहिला. नावाचा रकाना तेवढा राहिला होता. आजवर लोकांनी नाव सांगायचं आणि मी लिहायचं, असंच चालत आलं. हे नाव मला कुणी सांगितलं नव्हतं. अक्षर जरा वाकडं आलं, पण मी ते तसंच राहू दिलं.